डिस्चार्जचे सात अर्थ

मंगरूळपीरला तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली मी अर्जनवीस म्हणून बसत असे. माझ्याइतकं इंग्रजी साऱ्या तालुक्यात कोणाला येत नाही अशी तेव्हा माझी समजूत होती, आणि ती फारशी चुकीची नव्हती. माझा बाप नथ्थू माळी. गावाबाहेरच्या वाडीत वांगी, मेथी, मिरच्या पिकवून बाजारात विकायचा. त्याच भाजीवर त्यानं मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. इंग्रजीत मी पहिला आलो तेव्हा शाळेनं बक्षीस म्हणून एक जाडजूड डिक्शनरी दिली. मोटेच्या बैलांमागे चालता चालता ती मी पाठ केली. लोकांना हे खोटं वाटायचं, मग मी त्यांना परीक्षा घ्यायला सांगायचो.

दुपारी कचेरीतले कारकून चहाच्या टपरीवर जमले की हा खेळ ठरलेलाच. कोणीतरी म्हणायचं, "गुलाबराव, सांगा पाहू, 'बार'." मी बोटांवर मोजत एकेक अर्थ सांगायचो, आणि बोटं संपली की दुसरा हात पुढे करायचो. हरलो तर चहा माझा. मला चहा पाजावा लागला असा प्रसंग वर्षातून एखादा. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. मोठेपणा होताच, पण तो कसा होता ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्या धंद्याची एक रीत होती तीही सांगून टाकतो. खेड्यातला माणूस कोर्टाच्या निकालाची नक्कल घेऊन यायचा आणि विचारायचा, "मुन्शीजी, काय झालं?" निकाल इंग्रजीत. मी थेट शेवटचं पान उघडायचो, शेवटच्या दोन ओळी वाचायचो आणि सांगायचो, सुटला किंवा अडकला. मधल्या पानांत साक्षी, कारणं, वकिलांची वादावादी. ती कोणी विचारत नसे आणि मी वाचत नसे. सगळेच अर्जनवीस असं करत. मी फक्त त्यांच्यापेक्षा लवकर शेवटच्या पानावर पोचायचो.

पंचावन्न सालच्या फाल्गुनात मला मोहनसिंग नायकाचं बोलावणं आलं. मानोऱ्याच्या रस्त्यावर चार कोसांवर त्याचा बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांची पंचायत, जिला ते नसाब म्हणतात, ती बसणार होती आणि एक इंग्रजी कागद वाचून दाखवायला माणूस हवा होता. निरोप घेऊन आलेल्या माणसानं वाटेत मला सगळी हकीगत सांगितली.

आदल्या भाद्रपदात तांड्यातले दोघं, खेमा आणि सेवादास, मानोऱ्याचा बाजार करून परत निघाले होते. अरुणावतीला पूर होता. सेवादास एकटाच घरी आला, डोकं फुटलेलं, आणि मुठीत खेमाचा चांदीचा करदोडा. खेमाचं प्रेत दुसऱ्या दिवशी दोन कोस खाली सापडलं. खेमाचा थोरला भाऊ धरमसिंग म्हणाला, करदोड्यासाठी यानं माझ्या भावाला बुडवलं. पोलिसांनी सेवादासला नेलं. सहा महिने तो कच्च्या कैदेत होता. मग मॅजिस्ट्रेटनं त्याला सोडून दिलं आणि तो निकालाची नक्कल घेऊन तांड्यावर आला. कोर्टानं सोडलं तरी तांड्यानं घ्यायला हवं. नसाबीनं घेतलं नाही तर रोटी-पाणी बंद, विहीर बंद, माणूस तांड्याबाहेर.

मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तांड्यामधल्या मोकळ्या जागेत चाळीसेक माणसं बसली होती. बाया मागे, कुडाच्या सावलीला. सेवादास मध्ये एकटा उकिडवा बसलेला. पस्तिशीचा असेल, पण कैदेनं वाळला होता. त्याच्या मागे दहा हातांवर त्याची बायको गोमतीबाई उभी होती. बाकीच्या बाया बसल्या होत्या, ती बसली नाही.

मोहनसिंग नायक म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, बोलायला शांत. त्यानं मला खाटेवर बसवलं आणि पाणी दिलं.

"मुन्शीजी, आमची एक रीत सांगतो," तो म्हणाला. "बाहेरचा माणूस नसाबीत एकदाच बोलते. तो बोलला तो शब्द पक्का. फिरवाचा झाला तं त्यानंच इथी येऊन फिरवा लागते, दुसऱ्याच्या तोंडून चालत नाई. म्हून नीट पाहून सांगजा."

"त्यात काय," मी म्हणालो. मला तीनच्या मोटारीनं परत जायचं होतं.

सेवादासनं कागद माझ्या हातात दिला. पाच पानं, दोऱ्यानं शिवलेली. "सगळं वाचा जी," तो म्हणाला. "त्यात त्या माळ्याच्या म्हाताऱ्याचं लिहेल आहे. पुंजाजी. पलीकडच्या काठी वाडी होती त्याची. त्यानं पाह्यलं सगळं. कोर्टात बोलला तो."

"तो कुठी हाये मंग?" धरमसिंगनं विचारलं. "आण ना त्याले इथी."

"पौषात मेला तो."

"मेलेल्याचं नाव घेऊन कोनी बी सांगन," धरमसिंग म्हणाला. तो अंगानं रुंद, आवाजानं मोठा. पोलिसांकडून परत मिळालेला भावाचा करदोडा त्यानं आपल्या कमरेला बांधला होता.

नायकानं हात वर करून दोघांना गप्प केलं. "कोर्टानं काय केलं तेवढं सांगा, मुन्शीजी."

मी शेवटचं पान उघडलं. खाली सही-शिक्का, आणि त्यावरच्या ओळीत तो शब्द. "डिस्चार्ज," मी मोठ्यानं वाचलं.

"मंजे?"

इथे मी थांबायला हवं होतं. 'सोडलं' एवढंच म्हणून मागची पानं उलटायला हवी होती. पण चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. टपरीवर मला चार कारकून ऐकत, इथे सारा तांडा ऐकत होता. शिवाय शब्द असा चांगला मिळाला होता की जीभ आवरेना.

"या शब्दाचे सात अर्थ आहेत," मी म्हणालो आणि हात पुढे केला. "एक, बंदूक उडते, त्याला डिस्चार्ज म्हणतात. दोन, जहाजातला किंवा गाडीतला माल खाली उतरवणं. तीन, फौजेतल्या शिपायाचं नाव कमी करून त्याला घरी पाठवणं. चार, दवाखान्यातून रोग्याला सोडणं. पाच, जखम चिघळली की तिच्यातून पू वाहतो, तोही डिस्चार्ज."

पोरासोरांत हशा पिकला. कोणीतरी विचारलं, "एकच शब्द?" मी म्हणालो, "एकच. हीच तर इंग्रजीची गंमत आहे." मग कर्तव्य पार पाडणं हा सहावा अर्थ सांगितला, त्याला एक उदाहरणही दिलं, आणि सातव्यावर आलो. "सात, कोर्टानं आरोपीला मोकळं करणं."

"मंजे यानं काई केलं नाई असं कोर्ट म्हनते?" नायकानं विचारलं.

या प्रश्नानं तर मला आणखीच चेव आला. कायद्यातला बारकावा आजवर कोणी मला विचारला नव्हता. "नाही नाही," मी म्हणालो. "निर्दोष ठरवलं तर त्याला वेगळा शब्द आहे, अॅक्विट. तो इथं नाही. डिस्चार्ज म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा नाही, म्हणून तूर्त सोडलं. उद्या नवा पुरावा आला तर पुन्हा धरता येतं."

शब्दाचा अर्थ म्हणून हे अगदी बरोबर होतं. आजही कोणताही वकील त्यात खोट काढू शकणार नाही.

धरमसिंग उठून उभा राहिला. "आयकलं का? कोर्ट बी म्हनत नाई का यानं केलं नाई म्हून. जखमीतून पू काढते तसा काढून टाकला याले भाईर."

या वेळी हसणारे जास्त होते.

"सगळं वाचा जी," सेवादास पुन्हा म्हणाला. तो माझ्याकडे पाहून बोलत होता, नायकाकडे नाही. "तिसऱ्या का चौथ्या पानावर हाये. साहेबानं लिहून घेतलं तवा मी तथीच उभा होतो."

"अरे बाबा, ती कारणं असतात," मी त्याला समजावलं. "निकाल शेवटी असतो. तो मी सांगितला." आणि कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. उन्हाकडे पाहून मोटारीला किती वेळ आहे याचा अंदाज घेतला.

नसाब त्यांच्या गोरमाटी बोलीत बराच वेळ बोलली. मला त्यातलं थोडंच कळलं. निर्णय मात्र नायकानं मला कळेल अशा बोलीत पुन्हा सांगितला. सेवादास तांड्याबाहेर. गोमतीबाईला राहायचं असेल तर ती राहू शकते, तिचा काही अपराध नाही. गोमतीबाईनं ते ऐकलं आणि झोपडीत जाऊन दोन मडकी, एक घोंगडी आणि तवा घेऊन आली. नवऱ्याच्या पुढे होऊन ती तांड्याबाहेर चालू लागली. कागद तिनं त्याच्या हातातून काढून ओढणीच्या पदरात बांधला. मी तीनच्या मोटारीनं घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर तो पुवाचा किस्सा रंगवून सांगितला.

चैत्रात एका बाजाराच्या दिवशी गोमतीबाई लिंबाखाली आली. माझ्यासमोर पाचसहा गिऱ्हाइकं होती. तिनं पदराची गाठ सोडून तोच कागद पुढे केला.

"मुन्शीजी, हे एकडाव सारं वाचून दावा."

"बाई, तो निकाल मी सांगितला ना तुमच्या पंचांना. आता वाचून काय होणार?"

"तुमी तथी येऊन बोलले तं नसाब पुन्हा बसन, असं नायक म्हनते."

"बरं, पाहू. आज गर्दी आहे. कचेरी सुटल्यावर ये."

ती तासभर झाडाच्या मुळाशी बसली. कचेरी सुटेपर्यंत बसली असती तर चार कोस अंधारात चालत जावं लागलं असतं, म्हणून असेल, मध्येच उठून गेली. मी हातातला अर्ज लिहून वर पाहिलं तेव्हा ती नव्हती. मला बरंच वाटलं.

वैशाखात ती पुन्हा आली, सकाळी, कचेरी उघडायच्या आधी. मी अजून सतरंजी अंथरत होतो. पायांवर धूळ गुडघ्यापर्यंत, ओठ फुटलेले. पहाटेपासून चालत आली होती.

"वाचा," ती म्हणाली. या वेळी मुन्शीजी म्हणाली नाही.

"काय झालं?"

"मेला तो. काल सांजचा." ती उभ्यानंच बोलत होती. "नाल्यापल्याड झोपडी टाकली होती आमी. तांड्याची हीर बंद होती आमाले. नाल्यात झिरा खंदला, त्याचंच पानी पेत होतो. आता त्यातलं पानी बी सडलं. चार दिवस हगवन लागली, उलट्या झाल्या. मी कशी वाचली माहीत नाई. आता तो झोपडीत पडून आहे. कुत्रे येतीन म्हून दाराले काटी लावून आली." मग म्हणाली, "खांदा द्याले कोनी येत नाई. भाईरचा माणूस हाये तो, तांड्याचा नाई, म्हनतात. नायक म्हने, मुन्शीनं शब्द फिरवला तं येतो. तुमी वाचा. त्यात काई नसन तं मी एकटीच वढून नेतो त्याले."

मी कागद घेतला आणि पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचू लागलो.

पहिलं पान नावं, गावं, तारखा. दुसऱ्यावर धरमसिंगची साक्ष, पोलिसांचा पंचनामा, करदोड्याचं वजन. तिसऱ्या पानाच्या मध्यावर पुंजाजी आला. मी वाचत गेलो आणि तोंडातल्या तोंडात वाचायचा थांबलो.

"काहून थांबले?"

मी थांबलो होतो हे खरं. आणि एक गोष्ट कबूल करतो. त्या घटकेला माझ्या मनात आलं की यात काही नाही असं सांगून कागद परत द्यावा. ती निमूट गेली असती. पुन्हा कोणी हा कागद वाचला नसता आणि माझं नाव जसं होतं तसं राहिलं असतं. हे मनात आलं आणि थोडा वेळ राहिलंसुद्धा. पण ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिला इंग्रजी येत नसलं तरी चेहरा वाचता येत होता.

मी तिला मराठीत करून सांगितलं. साक्षीदार पुंजाजी, वय सुमारे साठ, नदीकाठी वांग्यांची वाडी करणारा, शपथेवर सांगतो की दोघं माणसं एकमेकांचा हात धरून पाण्यात उतरली. मध्यावर पहिल्याचा पाय निसटला. दुसऱ्यानं उडी घेऊन त्याला कमरेला धरलं. कमरेचं काहीतरी तुटलं आणि पहिला वाहून गेला. दुसरा काठाला लागला, त्याचं डोकं दगडावर आपटून फुटलं होतं, तरी त्यानं पुन्हा पाण्यात उडी घेतली. मी ओरडून त्याला मना केलं. तो बऱ्याच खाली जाऊन निघाला. मी त्याला ओढून वर घेतलं तेव्हा तो रडत होता. त्याखाली मॅजिस्ट्रेटनं लिहिलं होतं: या साक्षीवर अविश्वास ठेवायला मला काहीही कारण दिसत नाही. आरोपीनं मयताला मारलं नाही, उलट आपला जीव धोक्यात घालून दोनदा त्याला वाचवू पाहिलं, हे यावरून स्पष्ट होतं.

गोमतीबाई खाली बसली.

"हे त्या दिवशी बी यातच होतं?"

"होतं."

"मी बाजारच्या दिवशी आली तवा बी?"

"हो."

 ती उठली आणि म्हणाली, "चाला. ऊन वाढलं का त्याले ठेवता येनार नाई."

मी ओळखीच्या माणसाची बैलगाडी घेतली. चार कोस ती गाडीत माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी दोनदा काही बोलायला तोंड उघडलं, पण जे सुचे ते माझ्या बाजूनंच असे. रीत अशीच असते, सगळेच अर्जनवीस शेवटचं पान वाचतात, मला कोणी मधलं वाचायला सांगितलं नाही. हे शेवटचं तर उघड खोटं होतं. सेवादासनं दोनदा सांगितलं होतं.

तांड्यात मोहनसिंग नायकानं माणसं गोळा केली. या वेळी मी खाटेवर बसलो नाही. उभं राहून पाचही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत करून वाचली. करदोड्याचं वजनही गाळलं नाही. पुंजाजीची साक्ष वाचताना धरमसिंगचा हात कमरेला गेला आणि तिथंच राहिला. मी संपवून म्हणालो, "माझा आधीचा शब्द मी फिरवतो. मी त्या दिवशी हे वाचलं नव्हतं."

 आधी धरमसिंग उठला. घरामागे जाऊन त्यानं दोन बांबू काढून आणले आणि तिरडी बांधायला बसला. त्याला दोराची गाठ बसेना. शेवटी दुसऱ्यानं ती बांधली. नाल्यापलीकडच्या झोपडीच्या दाराची काटी धरमसिंगनंच बाजूला केली, आणि पुढचा खांदाही त्याचाच होता. अंगातलं पाणी गेलेल्या माणसाचं ओझं फारसं नसतं. त्याला तांड्यातून नेलं, विहिरीवरून. नायकानं विहिरीचं पाणी काढून प्रेताच्या तोंडात घातलं. इतका वेळ कोरडी राहिलेली गोमतीबाई तेव्हा ओरडली, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दहन करून सगळे परतले तेव्हा दुपार कलली होती. माझ्याशी कोणी वाकडं बोललं नाही. नायकानं मला सावलीत बसायला सांगितलं, पाण्याचा तांब्या दिला, जाताना गाडीला माणूस सोबत देतो म्हणाला. त्यांच्यातल्या कोणी अशी चूक केली असती तर नसाबीनं त्याला दंड केला असता, साऱ्या तांड्याला जेवण घालायला लावलं असतं, आणि मग प्रकरण मिटलं असतं. मी वाट पाहत होतो की मलाही काही सांगतील. मी पाव्हणा होतो, मला कोणी काही सांगितलं नाही. तांब्या मी न पिता खाली ठेवला.

गोमतीबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या दंडावरचा चुडा बायांनी उतरवला होता, तिथली कातडी फिकी दिसत होती.

"मुन्शीजी, एक विचारतो. आज ते सारं वाचाले तुमाले किती टाइम लागला?"

"पाव तास लागला असेल," मी म्हणालो.

"आन् त्या दिवशी ते सात अर्थ सांगाले?"

मी आठवून पाहिलं. बंदूक, माल, शिपाई, दवाखाना, मग तो हशा, मग उदाहरण.  आताही सारा तांडा ऐकत होता.

"अर्धा तास," मी म्हणालो.